कॉर्व्हेटच्या पोटाखालची ओल

जुनी शेव्हरोले कॉर्व्हेट रात्रभर एका जागी उभी राहिली, की सकाळी पुढच्या चाकांच्या मधल्या फरशीवर बऱ्याचदा तेलाचा डाग दिसतो. या गाडीला पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा मिळालं १९६३ साली, आणि १९८२ पर्यंत त्याची मूळ रचना तीच राहिली. डाग बहुतेक वेळा या स्टिअरिंगच्याच तेलाचा असतो.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्येच पिअर्स-ॲरो गाडीवर हायड्रॉलिक स्टिअरिंग चालवून दाखवलं होतं. बाजारातल्या मोटारीत मात्र ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलपासून आलं. कॉर्व्हेटने पुढे वेगळी वाट धरली. स्टिअरिंग बॉक्स साधा, हातबळाचाच ठेवला आणि मदत बाहेरून जोडली. बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मच्या टोकाचा गोळा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये बसतो. स्टिअरिंगचं चाक फिरवलं की तो आतला स्पूल किंचित सरकवतो, आणि पंपाचं दाबातलं तेल सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला जातं. सिलिंडरचा दांडा चेसिसला अडकवलेला असल्यामुळे सगळा जोर चाकं वळवणाऱ्या रिले रॉडवर येतो. इंजिन बंद पडलं तरी गाडी वळते, फक्त जड लागते. मला ही रचना फार आवडते, कारण तिचा प्रत्येक भाग सुटा करून टेबलावर मांडता येतो.

गळतीच्या जागाही त्यामुळेच वाढतात. पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि त्यांना जोडणारे चार होज. तेल वरून ओघळत खाली येतं, म्हणून जिथे थेंब पडतो तिथे दोष असेलच असं नाही. आधी सगळं धुऊन कोरडं करावं, इंजिन चालू ठेवून चाक फिरवावं आणि सगळ्यात वर कुठे ओल धरते ते पाहावं. गळती थांबवणारं औषध ओतू नये. ते रबर फुगवून चार दिवस काढतं, एवढंच.

पंपात शाफ्टचं ऑइल सील आणि टाकीची मोठी ओ-रिंग बदलायची. आतली पाती परत बसवताना गोल कड बाहेरच्या रिंगकडे हवी. सिलिंडरची सर्क्लिप काढली की सील हाती येतं, पण खरी तपासणी दांड्याची. त्यावर गंजाचे खड्डे असले तर नवं सील थोड्याच दिवसांत कापलं जातं. तसा दांडा वाचवत बसू नये. व्हॉल्व्हचा स्पूल अतिशय नेमक्या मापाचा असतो. तो स्वच्छ तेलात बुडवून बोटांनीच आत सरकवायचा, हातोडीचं तिथे कामच नाही.

जोडणी झाली की व्हॉल्व्हचा समतोल साधायचा. अनेक जण नेमकं हेच टाळतात, आणि मग गाडी आपोआप एका बाजूला ओढू लागते. पुढची चाकं उचलून दांडा चेसिसपासून सोडवा, इंजिन सुरू करा. व्हॉल्व्हच्या टोकावरच्या टोपीखाली नट असतो. तो एकीकडे फिरवला की दांडा बाहेर यायला लागतो, उलट फिरवला की आत जायला लागतो. दिशा बदलायला नट जितका फिरवावा लागला, त्याच्या बरोबर निम्मा परत फिरवा. आता दांडा जागच्या जागी थांबला पाहिजे आणि हाताने सहज सरकला पाहिजे. तो असा सरकेपर्यंत चेसिसला जोडू नका.