सूप, माग आणि मडके : इथिओपियाच्या कारागिरांची कहाणी

सुपा म्हटले की धान्य पाखडायचे सूप डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे ते बुरूड बांधव बांबूच्या कामट्यांचे विणतात. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातही घरोघरी सूप लागते. पण ते परातीसारखे गोल असते, त्याला 'सेफेद' म्हणतात आणि घरच्या बायाच ते गवताचे विणतात. गवताची बारीक जुडी घ्यायची, तिच्यावर रंगवलेली पात गुंडाळायची, आरीने भोक पाडून आधीच्या वेढ्यात ओवायची आणि गोल गोल फिरत जायचे. अशाच विणीची उंच टोपली म्हणजे 'मेसोब'. तिला टोकदार झाकण असते. तिच्यावर 'इंजेरा' वाढतात. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली ही मोठी आंबोळीच! सारे घर भोवती बसून एकाच इंजेऱ्यातून खाते. हरार शहरातल्या जुन्या घरांत तर भिंतीभर रंगीत टोपल्या टांगलेल्या असतात.

हा देश आपल्या जिल्ह्याला परका नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर तिथलाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी मुलगा हातोहात विकला जात दख्खनमध्ये आला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकदम पराभव केला. हबशांची तलवार आपल्या इतिहासात आली, पण त्यांचा माग आणि टोपली आली नाही. बाजारात विकल्या गेलेल्या पोराच्या हाती काय राहणार?

तिथला माग पाहिला तर आपला कोष्टी किंवा साळी तो लगेच ओळखील. विणकर जमिनीच्या कडेला बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर असतात. सूत बायांनी चातीवर काढायचे आणि कापड पुरुषाने विणायचे, अशी वाटणी आहे. पांढरे सुती कापड आणि त्याला रंगीत काठ, 'तिबेब'. थंडीसाठी चार पदरी जाड 'गाबी' असते. दक्षिणेतल्या डोंगरातले दोर्झे लोक विणकामात सर्वांत नावाजलेले. त्यांतले कितीतरी राजधानी अदिस अबाबात जाऊन माग चालवतात. सणाला श्रीमंत-गरीब सगळे हेच कापड अंगावर घेतात.

आता खरी गोष्ट. कापड अंगावर चालते, विणणारा मात्र शेजारी चालत नसे. विणकर, कुंभार, लोहार, चांभार या सर्वांना तिथल्या शेतकरी आणि सरदार लोकांनी हलके ठरवले होते. त्यांच्याशी सोयरीक नाही आणि बऱ्याच भागांत त्यांना जमिनीची मालकी नाही. कुंभार आणि लोहार 'बुदा' असतात, त्यांची नजर लागते, रात्री ते तरस होऊन फिरतात, अशी समजूत होती. ज्याने नांगराचा फाळ घडवला त्याचीच भीती! उत्तरेकडच्या ज्यू लोकांना, ज्यांना 'फलाशा' म्हणून हिणवत, जमिनीचा वारसाहक्क नव्हता. त्यांचे पुरुष लोहारकाम करीत, बाया मडकी घडवीत. चाक नाही, सारे हाताने, आणि भाजायचे उघड्या जाळात. कॉफी उकळायची लांब मानेची काळी सुरई, 'जेबेना', तिथे प्रत्येक घरात लागते. तीही अशाच हातांनी घडवलेली.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे ऐकून मुंबईच्या गिरण्या आठवतील. तिथे अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त तिथे, घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. सूत तेच, थुंकीची मात्र जात निघाली.

इथिओपियातही हे वरून दिसले होते. सम्राट मेनेलिक यांनी १९०८ साली फर्मान काढले की कारागिराला त्याच्या धंद्यावरून कोणी हिणवू नये. फर्मानाने तोंडे थोडीच बंद होतात? १९७५ साली तिथल्या लष्करी राजवटीने जमीनदारी मोडली, तेव्हा जमिनीच्या वाटपात कारागिरांचाही हक्क मान्य झाला. फलाशांपैकी बहुतेक १९८४ ते १९९१ या काळात विमानांनी इस्रायलला गेले.

आफ्रिकेच्या हाताची एक खूण मात्र आपल्या शेजारच्या राज्यात आजही जिवंत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवरून गोव्यात आणलेल्या गुलामांचे ते वंशज. त्यांच्या बाया जुन्या लुगड्या-सदऱ्यांचे तुकडे जोडून 'कवंदी' शिवतात. आपली वाकळच ती. फरक एवढाच की त्या कडेपासून सुरुवात करतात आणि धावदोऱ्याने फिरत फिरत मधोमध येऊन थांबतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या लहान घड्या टाचतात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली, असे त्या मानतात.