केरुआकांचा मूळ पुरुष

जून १९६५. 'ऑन द रोड' या कादंबरीने जगभर गाजलेला अमेरिकी लेखक जॅक केरुआक पॅरिसमध्ये उतरला तो एकच प्रश्न घेऊन: आपलं आडनाव आलं कुठून? त्याच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून कुणी एक बॅरन लुई आलेक्सांद्र लब्री द केरुआक कॅनडात आला, आणि त्याच्यापासून घराणं सुरू झालं.

पॅरिसच्या ग्रंथालयांत केरुआकने १७५६ साली क्युबेकमध्ये असलेल्या फ्रेंच सेनापती मोंकाल्मच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांची यादी मागितली. ब्रिटनीतल्या नामांकित घराण्यांची माहिती मागितली. हाती काहीच लागलं नाही. मग तो ब्रेस्त या बंदराच्या शहरात गेला, लब्री आडनावाच्या एका गृहस्थाला भेटला आणि परत फिरला. या प्रवासावरचं त्याचं 'सातोरी इन पॅरिस' १९६६ मध्ये आलं. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. ज्याच्या शोधात तो निघाला होता, तो माणूस त्या यादीत सापडणं शक्यच नव्हतं. फौजेची ती यादी तयार होण्याच्या वीस वर्षं आधीच त्याने जगाचा निरोप घेतला होता. आणि त्याचं खरं आडनाव लब्री नव्हतंच.

हे उघड व्हायला आणखी तीस वर्षं जावी लागली.

क्युबेकमधल्या फ्रेंच घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्याला चर्चच्या नोंदवह्यांचा मोठा आधार असतो. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं तिथे टिपलेलं. केरुआकांची पहिली भक्कम नोंद सापडते सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावरच्या काप-सँ-इन्यास या गावी. २२ ऑक्टोबर १७३२ रोजी तिथे लुईझ बेर्निए हिचं लग्न झालं. नवरा मोरिस-लुई-आलेक्सांद्र लब्री. आडनावापुढे आणखी एक नाव: केर्व्होआक. गाव म्हणून ब्रिटनीतल्या कॉर्नुआय धर्मप्रांतातली बेरियँ ही पॅरिश. वडिलांचं नाव आहे, आईचंही आहे. जेमतेम साडेतीन वर्षांनी, मार्च १७३६ मध्ये, हाच माणूस कामुरास्का गावी मरण पावला. मागे विधवा लुईझ आणि लहान मुलगे.

एवढ्याशा संसारातून घराणं वाढलं. लिहिणारे कारकून आणि पाद्री बदलत गेले तसं आडनावही बदलत गेलं: किरुआक, केरोआक, कायरुआक. याच वंशात १८८५ मध्ये कॉन्राड किरुआक जन्मला. धर्मसंघात गेल्यावर तो ब्रदर मारी-व्हिक्तोरँ झाला. क्युबेकच्या वनस्पतींवरचा 'फ्लोर लोरांसिएन' हा प्रचंड ग्रंथ त्याने लिहिला आणि माँट्रियलचं वनस्पतिउद्यान उभं केलं. दुसरी शाखा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडे सरकली. तो काळच तसा होता. शेतीवर पोट भरेना म्हणून लाखो फ्रेंच कॅनेडियन न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या शहरांत उतरत होते. जॅकचे आजोबा न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआत सुतारकाम करत, वडील लोवेलमध्ये छापखान्यात. जॅकचा बाप्तिस्मा झाला तो 'जाँ-लुई किरुआक' या नावाने, आणि घरात बोलली जाई ती फ्रेंच.

१९७८ मध्ये या सगळ्या विखुरलेल्या किरुआकांनी क्युबेकमध्ये आपली संघटना बांधली. मूळ पुरुषाचा ब्रिटनीतला ठावठिकाणा लावायचा, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. पण ब्रिटनीतल्या वह्यांमध्ये मोरिस-लुई-आलेक्सांद्र लब्री जन्मलेलाच दिसेना. लग्नाच्या नोंदीतले आईबापही सापडेनात.

कोडं सुटलं ते ब्रिटनीतल्या वंशावळी-अभ्यासक पात्रिसिया दाजिए यांच्या कामातून. कागदावरचं नाव खरं मानून शोधत राहिलं, तर वाट तिथेच बंद होत होती. पण नाव खोटं असू शकतं असं गृहीत धरलं, तर दोन गोष्टी उरत होत्या: बेरियँ आणि केर्व्होआक. जुन्या ब्रेटन दस्तऐवजांत 'केर', म्हणजे वस्ती किंवा वाडा, पूर्ण लिहीत नसत. रोमन लिपीतलं 'के' हे अक्षर काढून त्याच्या पायावर एक तिरकी रेघ ओढली की झालं 'केर'. त्यातच 'व्ही' आणि 'यू' ही अक्षरं एकमेकांसारखी काढली जात. ही रेघ ज्याला वाचता येते त्यालाच केर्व्होआक आणि केरुआक एकच आहेत हे दिसतं.

बेरियँ पॅरिशच्या हद्दीत तेव्हा जंगलाने वेढलेलं युएलगोआत हे छोटं गाव येई. तिथे एक शाही नोटरी होता: फ्रांस्वा-जोआशँ लबिआँ द केर्व्होआक. त्याच्या बायकोचं नाव कातरीन बिझियँ. आणि त्यांचा मुलगा उर्बँ-फ्रांस्वा. १७२० साली गावातल्या एका लग्नात या तरुणावर पैसे चोरल्याचा आळ आला. कायद्याची कागदपत्रं सांभाळणाऱ्या, गावात मान असलेल्या घरातल्या पोरावर असा डाग म्हणजे सगळ्या कुटुंबाची अब्रू वेशीला टांगली जाणं. त्यानंतर तो गावाला दुरावला. काही वर्षांनी सेंट लॉरेन्सच्या काठावर केर्व्होआक नावाचा एक ब्रेटन माणूस वावरताना दिसू लागतो. दोन्ही किनाऱ्यांवरच्या सह्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि उर्बँ-फ्रांस्वा लबिआँ हाच मोरिस-लुई-आलेक्सांद्र लब्री हे समोर आलं. दाजिए आणि पत्रकार एर्वे केमेनेर यांनी १९९९ मध्ये पुस्तक लिहून हा शोध वाचकांपुढे ठेवला.

बॅरन नव्हता. राजदरबाराशी नातं नव्हतं. होता तो बदनामीमुळे परमुलखात गेलेला नोटरीचा मुलगा. त्याने स्वतःचं नाव बदललं, लबिआँचं लब्री केलं, आईला परकं नाव दिलं. पण लग्नाच्या दिवशी पाद्र्यासमोर गाव विचारलं तेव्हा त्याने खरं गाव सांगितलं, आणि 'केर्व्होआक' मात्र तसंच ठेवलं. ते का ठेवलं असेल? मला वाटतं, सगळं पुसून टाकणारा माणूसही आपण कुठले हे पुसू शकत नाही. त्याचा शोध लागला तो त्याने बोललेल्या त्या दोन खऱ्या शब्दांमुळे.

घराणी आपल्या पूर्वजांना सहज सरदार करून टाकतात. त्या कहाणीला कवटाळून बसलं की शोध भरकटतो. केरुआक सैन्याच्या याद्या शोधत राहिला तो त्यामुळेच. किरुआक वंशजांनी नोटरीच्या पळून आलेल्या मुलाला आपला मूळ पुरुष म्हणून स्वीकारलं, ही मला या साऱ्या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. खोट्या बॅरनपेक्षा चुका करणारा, घाबरलेला, तरीही परक्या देशात नव्याने घर मांडणारा खरा माणूस पूर्वज म्हणून कितीतरी अधिक मोलाचा आहे.