वाघबीळच्या पुढे दुसरा गिअर

पावसाळ्यात कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाता येईल की नाही, हे पन्हाळ्याचा घाट ठरवत नाही, रेडेडोह ठरवतो. पंचगंगा फुगली की आंबेवाडी-चिखलीच्या शिवारात हा डोह फुटतो, पाणी उसातून सरकत सरकत रस्त्यावर येतं आणि जेमतेम वीस किलोमीटरवरचा गड परमुलखात जातो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. पण या रस्त्यावर रोज गाडी घालणारे एसटीचे ड्रायव्हर फुटांच्या भाषेत फारसं बोलत नाहीत. नव्या पुलावर गाडी आली की शेजारच्या जुन्या, दगडी शिवाजी पुलाच्या कमानींवर ते नजर टाकतात. कमान किती बुडाली त्यावरून त्यांचा दिवसाचा हिशेब होतो. तिसऱ्या फेरीला परत यायला मिळेल का, की मुक्काम गडावरच पडेल?

मी ज्या गाडीत बसलो होतो तिचे ड्रायव्हर निवृत्तीला आलेले होते. केबिनच्या मागच्या बाकावरून त्यांचे हात आणि डोळे दोन्ही दिसत होते. म्हणून तर ती जागा धरली होती. घाटातली गाडी चालवणं म्हणजे स्टेअरिंगची कसरत, अशी आपली समजूत असते. तासभर निरखल्यावर लक्षात आलं की हात फार कमी हलतात. काम करतात ते डोळे, आणि ते समोरच्या रस्त्यावर असतातच असं नाही. ते डोंगराच्या बाजूच्या गटारावर असतात, मोरीच्या तोंडावर असतात, कठड्याच्या रेषेवर असतात. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "रस्ता काय, दिसतोयच की. पानी कुठनं येतंय आन् कुठं जातंय, ते बगायचं."

केर्लीपर्यंत सगळं सपाट. जोतिबाचा फाटा उजवीकडे सोडला की चढ जाणवू लागतो. वाघबीळला रत्नागिरीकडे जाणारा महामार्ग सोडून गाडी डावीकडे वळते आणि इथे ड्रायव्हर दुसरा गिअर टाकतात. तो बराच वेळ निघत नाही. एसटीत जुना नियम आहे: ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरायचं. उतारावर तिसरा टाकून ब्रेक मारत गेलं की लायनर तापतात, हवेचा काटा खाली येतो, आणि नेमकं नको त्या वळणावर ब्रेक पायाला पोकळ लागतो. इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवायची, ब्रेक फक्त शेवटच्या वितीला. त्यामुळे जुन्या ड्रायव्हरची गाडी उतरताना जास्त गुरगुरते. नवख्या प्रवाशाला वाटतं, काहीतरी बिघडलंय. गप्प उतरणाऱ्या गाडीला मात्र कंडक्टरसुद्धा घाबरतात.

धुकं आलं की आणखी एक शिस्त सुरू होते. मोठा लाइट मारायचा नाही. मारला तर समोर पांढरा पडदा उभा राहतो. डिपरवर गाडी ठेवायची, बाजूची काच खाली करायची आणि वळणाच्या आधी एकच लांब हॉर्न द्यायचा. वळणावर पोचल्यावर नव्हे, आधी. मग कान द्यायचा. समोरच्यानेही हॉर्न दिला तर कुणी थांबायचं याचा वाद होत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतरणाऱ्याने बाजूला घ्यायचं. कायद्यातही हे आहे. पण इथे ते कायद्याच्या आधीपासूनचं वाटतं, कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलायची म्हणजे काय, हे उतरणारा जाणतो. तोही थोड्या वेळापूर्वी चढलेला असतो.

आता पाण्याकडे वळतो, कारण या रस्त्याची सगळी कहाणी तिथेच आहे.

पन्हाळा, मसाईचं पठार, जोतिबाचा डोंगर ही सगळी एकाच घडणीची माणसं. खाली काळा बेसॉल्ट, माथ्यावर तांबडा जांभा. जांभा भोकाभोकांचा, पडलेला पाऊस तो पिऊन टाकतो. या शोषणावरच गड जगला. सोमाळे तळं, साधोबाचं तळं, तीन दरवाजाजवळची तीन मजली अंधारबाव, ही सगळी त्या पाण्याची साठवणूक. पण जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी चिकट मातीचा थर असतो. त्यातून पाणी सहजी खाली जात नाही. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यासारखं बाहेर येतं. रस्ता कुशीतूनच कोरलेला असतो. एका बाजूला डोंगर फोडलेला, निघालेला मुरूम दुसऱ्या बाजूला टाकून भराव केलेला. म्हणजे अर्धी गाडी मूळ जमिनीवरून जाते आणि अर्धी माणसाने रचलेल्या मातीवरून. डोंगरातून येणारं पाणी गटारात उतरलं, गटारातून मोरीत आणि मोरीतून दरीत गेलं, तर भराव कोरडा राहतो. ते रस्त्याखाली घुसलं की मात्र भराव जड होतो, फुगतो आणि एके रात्री बसतो.

जुलै २०२१ मध्ये नेमकं हेच झालं. चार दरवाजाजवळ, गडाच्या अगदी तोंडाशी, अतिवृष्टीत रस्ता खचला आणि पन्हाळ्याची गाडीवाट तुटली. पुढचे कित्येक महिने गडावर मोठं वाहन जाईना. खाली पूर, वर तुटलेला रस्ता. ज्या गावाचा रोजचा बाजार, गॅसच्या टाक्या, दवाखान्याची धाव आणि पर्यटकांवरचं पोट सगळं एका रस्त्याला टांगलेलं, त्याला ते महिने कसे गेले असतील याचा विचार आपण दोन तास फिरायला येणारे करत नाही. झुणका-भाकरीचे तवे थंड होते.

त्या जागी चार दरवाजा होता, हेही सांगायला हवं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. आज गाडी सुळकन आत शिरते ती त्याच्या अवशेषांजवळून. पश्चिमेच्या अंगाचा तीन दरवाजा मात्र उभा आहे, आणि तिथून गाडी जात नाही, हे त्याचं भाग्यच म्हणायचं.

खचलेला रस्ता पुन्हा बांधतात तेव्हा नवीन भिंत किती उंच झाली हे सगळे बघतात. मी बघतो भिंतीतली भोकं. ओळीने पाइप बसवलेले असतात, भिंतीमागचं पाणी बाहेर पडायला. ही भोकं नसतील किंवा मातीने बुजली तर दगड-सिमेंट कितीही ओता, मागून पाण्याचा रेटा भिंतीला लोटतोच. पाऊस उघडल्यावरही चार-सहा दिवस या पाइपांतून धार लागलेली दिसते. रस्त्याच्या कामावरचे लोक ती धार बघून खूश होतात. "भिंत गळत्या तवर बरी" असं एका मुकादमाने मला सांगितलं. घराच्या भिंतीबद्दल कुणी असं म्हणणार नाही.

मुकादम भेटले ते वळणावरच्या एका मोरीपाशी. गाडीतून उतरून मी तिथे थांबलो होतो, कारण तिथे काम चाललेलं होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात पूर्वी मैलकुली असत. ज्याला जेवढा तुकडा नेमून दिलेला, त्याची साइडपट्टी, गटार, मोरी त्याच्या जिवावर. आता ही माणसं कमी उरलीत. बरंचसं काम ठेकेदार आणि जेसीबीवर गेलंय. जेसीबी दरड अर्ध्या तासात हलवतो, हे मान्य. पण जेसीबीला मोरीत वाकून बघता येत नाही.

इथे तीन माणसं होती, डोक्यावरून प्लास्टिकच्या कागदाची खोळ घेतलेली. पहार, फावडं, घमेलं, कोयता एवढंच सामान. डोंगराच्या बाजूला मोरीचं तोंड तुंबलं होतं आणि पाणी गटार सोडून रस्त्यावरून आडवं वाहत होतं. मला वाटलं, वरच्या तोंडातला कचरा उपसायला सुरुवात करतील. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. आधी दोघं दरीच्या बाजूला उतरले, कोयत्याने झुडपं तोडली आणि मोरीचं खालचं तोंड मोकळं केलं. मग पहार आत घालून खालूनच टोचत राहिले. वरून आधी मोकळं केलं तर साचलेलं पाणी कचऱ्यासकट आत घुसतं आणि मधेच कायमचं अडकतं; शिवाय खाली उभा असलेला माणूस धारेत येतो. खालून गाळ सुटू लागल्यावरच तिसऱ्याने वरचं तोंड उपसायला घेतलं. काय निघालं? फांद्या, जांभ्याचे खडे, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि दाणे खाऊन फेकलेली मक्याची कणसं. पावसात पन्हाळ्यावर कणीस खाणं हा आपला थाट. त्याचं उरलेलं टोक उतारावरून घरंगळत मोरीत येऊन बसतं. पाकिटं वाहून जातात एखादवेळी. कणीस आडवं अडकतं आणि मग बाकीच्यांना धरून ठेवतं.

तासाभराने मोरी घशातून खाकरल्यासारखी वाजली, तांबडा लोंढा दरीत कोसळला आणि रस्त्यावरचं पाणी हळूहळू गटारात परतलं. मुकादमांनी लगेच शेरा मारला नाही. लोंढ्याचा रंग उतरायची वाट बघत उभे राहिले. तांबडं पाणी म्हणजे कुठेतरी माती सुटतेय; ते निवळत गेलं तर नुसता साठलेला गाळ होता, तसंच तांबडं राहिलं तर वर जाऊन बघावं लागतं. यथावकाश निवळलं.

पाण्याच्या या खुणा ड्रायव्हर आणि मैलकुली दोघांनाही ठाऊक असतात. गंमत म्हणजे शब्दही जवळपास तेच. रस्त्यावर स्वच्छ पाणी वाहतंय म्हणजे गटार तुंबलंय, भ्यायचं कारण नाही. साइडपट्टीवर अर्धगोल भेग दिसली तर गाडी त्या अंगाला न्यायची नाही आणि डेपोत सांगायचं. कठडा किंवा विजेचा खांब कालच्यापेक्षा कललेला वाटला तरी सांगायचं. आणि सगळ्यांत वाईट खूण कोणती, असं विचारलं तर दोघांचं उत्तर एकच आलं: रोज वाहणारा झरा भर पावसात एखाद्या दिवशी बंद दिसला तर. पाणी थांबलेलं नसतं. ते दुसरीकडून, बहुधा रस्त्याच्या पोटातून, जायला लागलेलं असतं.

गडापासून पश्चिमेला जायचं तर दोन वाटा. गाडीची वाट परत वाघबीळला उतरते आणि बांबवडे, मलकापूर करत आंब्याकडे आणि तिथून विशाळगडाकडे जाते. दुसरी पायवाट: तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी आणि पुढे पावनखिंड. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज राजदिंडी दरवाजातून उतरले ते या बाजूने, आणि आता दर पावसाळ्यात हजारो लोक बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमून ही वाट दोन दिवसांत चालतात. चालताना एक गोष्ट पायांना कळते. म्हाळुंग्याच्या पुढे वाट माथ्यावर चढते आणि पठारावरूनच लांबवर जाते. पठारावर चिखल भरपूर, पण ओढा ओलांडावा लागत नाही. भर पावसात रात्रीच्या रात्री पालखी घेऊन धावणाऱ्यांना ओढे टाळणं केवढं मोलाचं! मला तरी ही वाट पाणी जाणणाऱ्या माणसांनी पाडलेली वाटते.

म्हाळुंग्याकडच्या रस्त्याला वडापची जीप मिळाली. रस्ता एका गाडीपुरता, मधोमध गवताची पट्टी. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे घ्यायचं. आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या बाजूला, असेच एकपदरी रस्ते आहेत आणि तिथेही समोरच्याला वाट देणारा-घेणारा स्टेअरिंगवरून एक बोट उचलतो. आपल्याकडे अख्खा हात उठतो, एवढाच फरक. तिथला रस्ता वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. १८२० च्या दशकात अलेक्झांडर निम्मो या अभियंत्याने त्या भागात रस्ते काढले. दलदलीच्या कुजलेल्या गवतमातीवर, म्हणजे पीटवर, घातलेला रस्ता घसरत नाही, तो हळूहळू बसतो आणि लाटांसारखा वरखाली होतो. म्हणून तिथेही दुतर्फा चर खणावेच लागतात. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर रिपरिपतो, आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो. त्यामुळे आपल्या चरांना आठ महिने कुणी विचारत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात पन्हाळा आहे. अभिमान वाटला, फटाके वाजले, आणि गाड्या वाढल्या. जीपवाल्याचं यावर स्वतःचं मत होतं, कारण म्हाळुंग्याच्या त्या रस्त्यावर एका वळणावर पुण्याच्या नंबरची एक भली मोठी गाडी समोर येऊन थांबली होती. उतरणारी तीच होती. मागे पंधरा-वीस हातांवर रुंद जागा होती, तिथे घेतली असती तर मिटलं असतं. चालवणाऱ्याने काच खाली केली आणि रिव्हर्स घ्यायला भीती वाटतेय म्हणून सांगितलं. त्याला बाजूचं गटारही दिसत नव्हतं. आमच्या जीपमध्ये नऊ माणसं, टपावर खताची दोन पोती. जीपवाल्याने एक शब्द न बोलता गाडी चढावरून उलटी, गटाराच्या कडेकडेने, मागच्या वळणापर्यंत उतरवली. मोठी गाडी गेली. मग पहिला टाकत तो आमच्याकडे वळून म्हणाला, "घाटात यायचं आन् रिव्हर्स येत न्हाई म्हनायचं. खाली वाघबीळलाच परीक्षा घ्याय पायजे एकेकाची."