नाताळांत अग्रपूजा कोणाची?

डिसेंबर महिना लागला कीं शहरांतील पेठांचें स्वरूप पालटतें. दुकानांच्या दर्शनी भागीं कागदी चांदण्या लटकतात, कापसाचें बर्फ पसरतें, तांबड्या डगल्यांतला पांढऱ्या दाढीचा म्हातारा गिऱ्हाइकांचें स्वागत करूं लागतो, आणि मोबाईलवर सवलतींच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. या सर्व थाटांत ज्याच्या जन्माचा हा उत्सव, त्याचें नांव मात्र क्वचितच कानीं येतें. धर्मराजाच्या राजसूय यज्ञांत अग्रपूजेचा मान कोणास द्यावा हा प्रश्न निघाला व त्यावरून मोठा कलह माजला. नाताळाच्या सणांत आज तोच प्रश्न निघावयास पाहिजे. पण कलह तर राहोच, प्रश्नसुद्धां कोणी काढीत नाहीं. तो काढावा, एवढ्याच हेतूनें आम्ही आज लेखणी उचलली आहे.

आमच्या वाचकांत ख्रिस्ती थोडे व इतर पुष्कळ आहेत. तेव्हां परधर्माच्या सणाची उठाठेव तुम्हांस कशाला, असें कोणी विचारील, तर त्यास आमचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें हें कीं, महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाज परका नाहीं. तो याच मातींतला, हीच भाषा बोलणारा, आमच्याच आळींत राहणारा आहे, आणि शेजाऱ्याच्या सणाचें मर्म जाणून घेणें हें शेजारधर्माचें पहिलें लक्षण होय. दुसरें हें कीं, जो रोग नाताळास जडला आहे तो आमच्या दिवाळीस, गणेशोत्सवास आणि लग्नकार्यांस केव्हांच जडलेला आहे. मूर्ति मखरांत झांकून जावी आणि लोकांनीं मखरासच हात जोडावे, अशी ही स्थिति आहे. एका घरच्या रोगाची चिकित्सा नीट झाली तर तिचा गुण शेजारच्या घरासही यावयाचाच.

प्रथम मूळ कथा पाहूं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला व त्याचा संबंध जन्माशीं आहे. लूकाच्या शुभवर्तमानांतील दुसऱ्या अध्यायांत हा जन्म सांगितला आहे. रोमच्या बादशहानें नांवनिशी लिहिण्याचा हुकूम काढल्यामुळें एक सुतार व त्याची गरोदर वाग्दत्त स्त्री बेथलेहेमास आलीं. उतारशाळेंत त्यांस जागा मिळाली नाहीं. मूल जन्मास आलें तें गव्हाणींत निजवावें लागलें. आणि पहिली वार्ता कळली ती राजवाड्यास नव्हे, तर रात्रीं उघड्यावर मेंढरें राखणाऱ्या धनगरांस. मत्तयाच्या शुभवर्तमानांत पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची कथा आहे. ते किती होते हें त्या ग्रंथांत सांगितलेलें नाहीं. परंतु त्यांच्या कृतीचा क्रम मात्र स्पष्ट सांगितला आहे. त्यांनीं प्रथम बालकास दंडवत घातलें, आणि मग आपल्या पेट्या उघडून सोनें, ऊद व गंधरस हीं त्यास अर्पण केलीं.

या क्रमांत नाताळाचें सर्व शास्त्र आलें असें आम्हांस वाटतें. आधीं उपासना, मग दान. आणि तें दान ज्याचा जन्मदिवस त्यास. मागी लोकांनीं आपसांत भेटींची देवघेव केली नाहीं. आज आपण एकमेकांस भेटी देतों, त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण जन्म एकाचा आणि नजराणे दुसऱ्यांनींच वाटून घ्यावे, असा प्रकार एखाद्याच्या घरच्या बारशांत झाला तर त्यास आपण काय म्हणूं? आतां कोणी म्हणेल, ख्रिस्तास आज भेट द्यावी ती कोठें? त्याचें उत्तर त्याच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा, आजाऱ्याचा व बंदिवानाचा समाचार. हें जें कांहीं अगदीं लहान माणसासाठीं केलें, तें आपल्यासाठींच केलें असें ख्रिस्त मानतो. म्हणून ख्रिस्ती धर्मांत उपासना आणि औदार्य हीं दोन निराळीं खातीं नाहींत. मंदिरांत वांकलेलें मस्तक व मंदिराबाहेर उघडलेला हात, हीं एकाच भक्तीचीं दोन अंगें आहेत.

ही आमची पदरची कल्पना नव्हे. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास हेंच सांगतो. पंचवीस डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रोम शहरांत पाळला जात होता याचा पुरावा इ. स. ३३६ पर्यंत मागें जातो. त्याच शतकांत अंत्युखिया येथें योहान क्रिसोस्तोम नांवाचा महान् वक्ता होऊन गेला. मंदिरांत ख्रिस्ताचा रेशमी वस्त्रांनीं सत्कार करावा आणि दाराशीं तोच थंडीनें कुडकुडत उघडा उभा असतां त्याजकडे पाहूंही नये, ही कसली पूजा, असा त्याचा आपल्या श्रोत्यांस रोखठोक सवाल असे. पुढें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं असिसीच्या फ्रान्सिसनें गव्हाणींत गवत टाकून, जवळ बैल व गाढव उभें करून नाताळची उपासना करविली. आज घरोघर जे गव्हाणीचे देखावे मांडतात त्यांच्या परंपरेंत हा प्रसंग फार मोठा मानला जातो. फ्रान्सिसचा हेतु शोभेचा नव्हता. देव किती गरीब होऊन आला हें लोकांस डोळ्यांनीं दिसावें, हा होता. आपण त्याचा देखावा उचलला आणि हेतु मागें ठेवला.

तांबड्या डगल्यांतल्या त्या म्हाताऱ्याची कुळकथाही अशीच आहे. त्याचें मूळ आशियामायनरांतील, म्हणजे सांप्रतच्या तुर्कस्तानांतील, मायरा नगरीचा चौथ्या शतकांतला बिशप निकोलस हा होय. त्याची आख्यायिका आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. एका दरिद्री गृहस्थास तीन मुली होत्या. हुंड्यास पैसा नसल्यामुळें त्यांचीं लग्नें होत नव्हतीं व त्यांजवर अनर्थ ओढवण्याची वेळ आली होती. निकोलसनें रात्रीं, कोणास न कळवितां, खिडकींतून सोन्याची थैली आंत टाकली. आणि असें तिघींसाठीं केलें. ज्याचें दान इतकें गुप्त, त्याच्याच नांवानें आज दुकानांच्या दारांत एवढा गाजावाजा चालतो! हुंड्यापायीं मुली अजूनही छळल्या जातात अशा आपल्या देशांत निकोलसचें खरें स्मरण कसें करावें, हें निराळें सांगावयास पाहिजे काय?

यावर कांहीं कडक वृत्तीचे लोक म्हणतील कीं, मग हा सारा उत्सवच बंद करावा. हा प्रयोगही होऊन चुकला आहे. इंग्लंडांत प्युरिटन पक्षाच्या पार्लमेंटानें १६४७ सालीं नाताळचा सण कायद्यानें रद्द केला. त्या वर्षीं कँटरबरी शहरांत नाताळच्या दिवशीं दुकानें उघडीं ठेवण्याचा हुकूम सुटला, तेव्हां लोकांनीं दंगा करून उघडलेल्या दुकानांतला माल रस्त्यावर फेकला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं सण पाळणारास पांच शिलिंग दंड ठरला. तो कायदा १६८१ सालीं रद्द करावा लागला, आणि इंग्लंडांतही १६६० सालीं राजसत्तेबरोबर नाताळ परत आला. आनंदास बंदी करून भक्ति वाढत नाहीं. आम्ही आनंदाचे वैरी नाहीं. मुलांनीं चांदण्या लावाव्या, घरांत करंज्या-लाडू व्हावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांस फराळाचीं ताटें जावीं, हें सर्व आम्हांस प्रिय आहे. आमचा आक्षेप आहे तो क्रमावर. जें शेवटीं यावयाचें तें पहिल्यानें आलें आहे, आणि जें पहिल्यानें यावयाचें त्यास उभें राहण्यासही जागा उरलेली नाहीं.

आणि हा क्रम सांभाळण्यास आमच्या मराठी ख्रिस्ती बांधवांजवळ केवढें भांडवल आहे! फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानें ख्रिस्ताचें चरित्र १०,०००हून अधिक मराठी ओव्यांत गाइलें. तें 'ख्रिस्तपुराण' गोमंतकांत रायतूर येथें १६१६ सालीं छापलें गेलें. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ सालीं तेव्हांच्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, निघालें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन व कीर्तन यांची मराठमोळी वाट उपासनेस मोकळी करून दिली, आणि १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्ति पत्करली. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून त्यांस केडगांवीं आश्रय दिला, आणि त्याच बाईंनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत आपलें उर्वरित आयुष्य वेंचलें. एका हातीं धर्मग्रंथ व दुसऱ्या हातीं भुकेल्या मुलीचा हात. उदार उपासनेचें याहून चांगलें उदाहरण शोधण्यास दूर कशाला जावें? असा वारसा घरांत असतां भाड्याचा वाद्यमेळ व कानठळ्या बसविणारा कर्णा यांवर वर्गणी उधळावी, हें आपल्याच तिजोरीच्या किल्ल्या हरवून दारोदार उसनवार करण्यासारखें आहे.

या प्रश्नांत केवळ अभिरुचीचा विषय असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. यांत माणसांचें सुखदुःख गुंतलें आहे. चार घरचीं भांडीं घासून दोन मुलांस वाढविणारी एखादी ख्रिस्ती बाई डोळ्यांपुढें आणा. वर्षभर ती रविवारीं नेमानें मंदिरांत येते. नाताळच्या दिवशीं मात्र सर्व मंडळी नव्या कपड्यांत येणार. आपल्या मुलांस नवे कपडे नाहींत, आणि घरीं बोलवावें तर फराळास दोन जिन्नसही नाहींत. तिजपुढें दोनच मार्ग उरतात. सावकाराकडून अथवा हप्त्यांच्या दुकानांतून कर्ज काढावें, नाहीं तर प्रकृतीचें निमित्त सांगून घरींच बसावें. ज्यास उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्याच्याच जन्मोत्सवास गरिबाला जागा राहूं नये, याहून विपरीत तें काय असावें? करिंथच्या मंडळींत प्रभुभोजनाच्या वेळीं एकजण उपाशी राही व दुसरा यथेच्छ पिऊन तर्र होई. तेव्हां पौलानें त्यांस पत्र लिहून स्पष्ट बजावलें कीं, हें प्रभुभोजन नव्हेच. तोच न्याय येथेंही लागू आहे. ज्या नाताळास लाजेनें एक माणूस घरीं बसला, तो नाताळ तितक्या अंशीं उणाच झाला.

म्हणून ख्रिस्ती पुढाऱ्यांस व कुटुंबप्रमुखांस आमच्या कांहीं सूचना आहेत. नाताळापूर्वींचे चार रविवार आगमनकाळाचे मानतात. ते खरेदीचे न होतां प्रार्थनेचे व आत्मपरीक्षणाचे व्हावेत. घरखर्चाची यादी करण्यापूर्वीं अर्पणाचा भाग बाजूस काढावा. ज्या यादींत देवाचा भाग शेवटीं लिहिला जातो तिच्यांत त्याच्या वाट्यास शिल्लक येते. आणि सणाच्या यादींत शिल्लक म्हणून कांहीं उरत नाहीं, हें कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या कोणासही सांगावयास नको. मंडळीच्या निधींतून गरजू घरीं जी मदत जाईल ती निकोलसप्रमाणें गुप्त जावी; देणाराचें छायाचित्र व घेणाराची मान खालीं, असला समारंभ नको. मंडळींतील सुखवस्तु लोकांनीं त्या दिवशीं मुद्दाम गेल्या वर्षाचे धुतलेले कपडे घालून यावें. या एका कृतीनें कित्येक मायलेंकरांचें संकट टळेल. आणि प्रत्येक घरच्या पंगतींत एक पान अशा माणसासाठीं मांडावें कीं, ज्यास त्या दिवशीं दुसरें कोणी बोलावणार नाहीं.

व्यापारीवर्गासही दोन शब्द. या उपदेशानें तुमचा धंदा बसेल अशी भीति बाळगूं नये. गरिबाच्या घरीं जाणारें कांबळें व धान्यही तुमच्याच दुकानांतून घ्यावें लागतें. परंतु ख्रिस्ती नोकराचा पगार सणापूर्वीं हातीं पडेल व त्यास उपासनेस जाण्यापुरती रजा मिळेल, इतकें तरी प्रत्येक मालकानें पाहावें. तसेंच ज्यास फेडण्याची ऐपत नाहीं त्यास सणाच्या भरांत हप्त्यांच्या फांसांत ओढून मिळविलेला नफा हा नफा नव्हे. त्याची वसुली पुढें कोणाच्या तरी मुलांच्या तोंडच्या घांसांतून होत असते.

असो. राजसूयाच्या मंडपांत अग्रपूजेचा निर्णय भीष्मांनीं दिला. नाताळाच्या मंडपांत तो प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबास स्वतःच द्यावयाचा आहे. पंचवीस तारखेच्या पहाटे घरांतील पहिलें काम कोणतें झालें, पहिला खर्च कोणावर झाला आणि पंगतींतलें पहिलें पान कोणास वाढलें, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तो निर्णय काय झाला हें ज्याचें त्यास कळून येईल. आमच्या ख्रिस्ती बांधवांचा येता नाताळ भक्तीनें व औदार्यानें भरलेला जावो, आणि त्यांचें पाहून आमच्या इतर वाचकांसही आपापल्या सणांतील मखर व मूर्ति यांतील भेद दिसूं लागो, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.