पायडलच्या होडीला गरीच्या काठ्या कशा बसवतात

आमच्या गावाचे नाव आरोंदा. ते सावंतवाडी तालुक्यात आहे. आमच्या गावाला खाडी आहे. तिला तेरेखोलची खाडी म्हणतात. ही नदी मनोहरगडाकडे डोंगरात उगम पावते, बांद्यावरून खाली येते आणि तेरेखोलच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे गोवा आहे. गंमत म्हणजे तेरेखोलचा किल्ला खाडीच्या आमच्याच बाजूला आहे, पण तो गोव्यात मोडतो.

बाईंनी सांगितले की, भित्तीपत्रकासाठी घरी जे काम होताना पाहिले असेल ते लिहा. कोणी पापडाचे लिहिले, कोणी काजू भाजण्याचे. मी आमच्या नव्या होडीचे लिहीत आहे. कारण त्या कामात माझा हात होता. खरोखरचाच हात होता, ते पुढे कळेल.

माझे आजो लहानपणापासून खाडीत गरवायला जात. गरवणे म्हणजे गरीने मासे धरणे. आमची लाकडी होडी आहे. तिला उलांडी आहे. उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला दोन आडव्या दांड्यांनी बांधलेला लाकडाचा लांब ओंडका. तो पाण्यावर तरंगतो म्हणून होडी कलंडत नाही. पण दोन वर्षांपूर्वी आजोंचा उजवा खांदा दुखू लागला. डॉक्टर म्हणाले, वल्हे मारू नका. तेव्हापासून होडी आंब्याखाली उपडी घातलेली आहे. तिच्यावर आमची कोंबडी बसते. आजो संध्याकाळी खाडीवर जाऊन नुसते बघत बसायचे. कोणी मासे घेऊन आला की विचारायचे, "खंय गावले?" मग घरी येऊन गप्प जेवायचे.

दिवाळीनंतर काकाने गोव्यातून एक जुनी कयाक आणली. ती प्लॅस्टिकची आहे, पिवळी. तिला वल्हे मारावे लागत नाही. सायकलसारखे पायडल मारायचे. पायडल मारले की खाली पाण्यात पंखा फिरतो आणि होडी पुढे जाते. उलटे मारले तर मागे येते. सुकाणूची लहान मूठ डाव्या हाताला आहे. काका आजोंना म्हणाला, "बाबा, तुमचो खांदो दुखता, पाय तर बरे आसत मां?" आजोंनी होडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "हेची उलांडी खंय?" आम्ही सगळे हसलो. तिला उलांडी नसते. ती खालून रुंद असते म्हणून उभी राहते.

कयाक हा शब्द आपला नाही. बाईंनी आम्हाला चित्र दाखवले. ग्रीनलंडमध्ये इन्युइट लोक राहतात. तिथे झाडे फारशी नाहीत म्हणून ते वाहून आलेल्या लाकडांचा आणि हाडांचा सांगाडा करून त्यावर सील प्राण्याचे कातडे शिवत. एकच माणूस बसेल एवढी ती होडी. तिच्या वरच्या बाजूला कातड्याचे पट्टे असत. त्यात भाला अडकवलेला असे, हात पुढे केला की मिळेल असा. समोर लहान घडवंचीवर दोरीचे वेटोळे आणि पाठीमागे हवा भरलेली कातड्याची पिशवी. म्हणजे त्यांनाही कुठली वस्तू कुठे ठेवायची हा प्रश्न होताच.

आमच्या कयाकला काठी ठेवायला काहीच नव्हते. गोव्यात ती नुसती फेरी मारायला वापरत. गरवताना काठी हातात धरली तर सुकाणू कोण धरणार? आणि चिंगळे गरीला लावायचे तर दोन्ही हात लागतात. म्हणून काठी उभी राहील अशी नळी पाहिजे. काकाने सावंतवाडीच्या बाजारातून पाण्याच्या पाईपचा तुकडा आणला. त्याच्या नळ्या कापल्या. नळीच्या तोंडाला एक खाच पाडली. त्या खाचेत काठीचे रीळ बसते, मग काठी गरगर फिरत नाही. इथपर्यंत सगळे बरोबर झाले.

मग चूक झाली. आजो देवळात भजनाला गेले होते. काकाला घाई होती. त्याने बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ड्रिलने भोके पाडली आणि नळ्या स्क्रूने बसवून टाकल्या. दिसायला फार छान दिसत होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. काका कयाक पाण्यात घेऊन गेला. पायडल मारले तर गुडघा नळीवर आपटला. पुन्हा मारले, पुन्हा आपटला. शेवटी तो फेंगडे पाय करून पायडल मारू लागला. डावी नळी सुकाणूच्या मुठीला आडवी येत होती. काठीला जरा ओढ बसली तर स्क्रू सैल झाले. घरी आणल्यावर मागचे बूच काढले तर आतून पाणी आले. मी तांब्याने मोजले. नऊ तांबे.

आता इथे एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. कयाकला आधीच चार मोठी भोके असतात, वरून खालपर्यंत आरपार. मला वाटले होते की होडी बुडणार. पण ती बुडत नाही. कयाक आतून पोकळ असते, बंद डब्यासारखी. ती आरपार भोके म्हणजे डब्यातून घातलेल्या नळ्या आहेत. वर आलेले पाणी त्यातून खाली जाते, पोटात शिरत नाही. पण स्क्रूचे भोक वेगळे. ते पोटात उघडते. पाणी आत गेले तर बाहेरून दिसत नाही. होडी हळूहळू जड होते आणि आतले पाणी डुचमळून एका बाजूला जाते. त्या बाजूला होडी कलते.

आजो रागावले नाहीत. ते काकाला एवढेच म्हणाले, "होडयेक भोक पाडलंस म्हणजे पाण्याक वाट दाखवलंस. भोक मारूच्या आधी बसान बघ."

मग आजोंनी माझ्याकडे खडू मागितला. माझ्या दप्तरात अर्धा खडू होता. (तो शाळेचा होता, मी बाईंना नंतर सांगितले.) कयाक अंगणात ठेवली. आजो तिच्यात बसले आणि डोळे मिटून पायडल मारू लागले. शेजारचे लोक बघायला आले. आजो गुडघा वर नेत आणि म्हणत, "हय खूण घाल." मी खूण घालायची. मग हात पुढे करून बोटे पोचतात तिथे खूण. कोपर मागे जातो तिथे खूण. सुकाणूची मूठ पूर्ण फिरते तिथे गोल. एका काठीने खोटेच गरवून बघितले, मासा ओढून घ्यायचा तसा वाकूनही बघितले. शेवटी कयाकवर इतक्या रेघा झाल्या की नकाशा वाटत होता. ज्या जागी एकही रेघ नाही पण हात पोचतो, तीच काठीची जागा. ती उजवीकडे गुडघ्याच्या पुढे निघाली. डावीकडे सुकाणू असल्यामुळे तशी जागा मिळालीच नाही. आजो म्हणाले, एक काठी पुरे.

नळी सरळ उभी बसवायची नसते. बाहेरच्या बाजूला आणि थोडी पुढे कललेली पाहिजे. म्हणजे तंगूस पायडलपासून आणि खालच्या पंख्यापासून दूर राहतो आणि काठीचे टोक समोर दिसते. टोक हलले की मासा लागला हे कळते. पाठीमागे काठी ठेवली तर दिसत नाही आणि बघायला वळले की होडी डुलते.

आता स्क्रू का सुटले ते सांगते. काठी सात फूट लांब आहे. टोकाला मासा ओढतो, पण सगळा जोर खाली नळीच्या बुडाशी येतो. वाऱ्यात उघडी छत्री दांड्याच्या अगदी टोकाला धरून बघा, मनगट कसे पिरगळते. कयाकचे प्लॅस्टिक तर आमच्या पाटीएवढेच जाड आहे. त्यात नुसता स्क्रू टिकत नाही. म्हणून नट-बोल्ट पाहिजे आणि आतल्या बाजूने रुंद पट्टी पाहिजे, म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो. पट्टी आम्ही मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची कापली. बोल्ट स्टीलचे घेतले. लोखंडाचे खाऱ्या पाण्यात गंजतात.

पण आतून पट्टी आणि नट लावणार कोण? कयाकला समोर एक गोल झाकण आहे. ते काढले की पोटात हात जातो. काकाचा हात कोपराजवळ अडकला. आजोंचा खांदा वळत नाही. दादाचा हातही जाडा. मग आजो म्हणाले, "हात घाल गो बाय, तुझो हात बारीक."

मी कयाकवर पालथी पडले आणि हात घातला. अगदी खांद्यापर्यंत. आत काही दिसत नव्हते. नव्या बादलीसारखा वास येत होता. बोटांनी चाचपून भोक शोधले. पट्टी धरली. नट लावणार तेवढ्यात तो बोटातून सुटला आणि गडगडत मागे गेला. मग चौघांनी कयाक उचलून उभी केली आणि खुळखुळ्यासारखी हलवली. नट बाहेर यायला पाव तास लागला. दुसऱ्या वेळी पुन्हा पडला. तेव्हा आजीने देवघरातली मेणबत्ती आणली. बोटाला मऊ मेण लावले, त्यावर नट चिकटवला. मग तो पडला नाही. काका वरून बोल्ट फिरवत होता आणि मी आत नट घट्ट धरून होते. माझे बोट दुखले पण मी सांगितले नाही. असे चार बोल्ट लावले. प्रत्येक बोल्टखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा घातला. त्यामुळे पाणी आत जात नाही.

काकाने आधी पाडलेली भोकेही तशीच बुजवली, लहान बोल्ट आणि ट्यूबचा तुकडा घालून. काका आधी चिकटवायचा लगदा लावणार होता. तो लावूनही बघितला. वाळल्यावर नखाने निघाला. या प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही.

बाकीच्या काठ्यांसाठी आम्ही भोके पाडलीच नाहीत. कयाकच्या मागे खोलगट जागा आहे. तिथे दुधाच्या पिशव्यांचा क्रेट दोरीने बांधला आणि क्रेटला तीन नळ्या बांधल्या. एकात जादा काठी, एकात माशांचे जाळे. क्रेटमध्ये चिंगळे, पाणी आणि डबा. मोडले तर दोरी सोडायची, बस्स. मला वाटते हीच पद्धत सगळ्यात चांगली, पण काका म्हणतो मागे ठेवलेली काठी गरवायला उपयोगाची नाही. ते खरे आहे.

लहान वल्हे डाव्या बाजूला रबराने अडकवले. आजोंना ते मारायचे नाही, पण सुकतीला पाणी उतरले की पंखा चिखलात रुततो. तेव्हा वल्ह्याने ढकलून सुटता येते.

नांगराचे मात्र भांडण झाले. काकाला नांगराची दोरी हाताशी, म्हणजे बसायच्या जागेच्या बाजूला बांधायची होती. तिथे एक कडीही होती. आजो पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "कुशीक बांधू नको! नाळेक बांध." नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक. सुकतीला खाडीचे पाणी जोरात समुद्राकडे जाते. दोरी टोकाला बांधली तर होडी पाण्याच्या धारेत सरळ उभी राहते. कुशीला बांधली तर होडी आडवी होते, धार तिच्या पूर्ण अंगावर येते, दोरी ती बाजू खाली ओढते आणि होडी उलटते. आजोंनी तरुणपणी एकाची होडी अशी उलटलेली पाहिली आहे. तो माणूस पोहत आला, होडी गेली.

पण बसल्या जागेवरून नाळेपर्यंत हात पोचत नाही. म्हणून काकाने कयाकच्या लांबीइतकी दोरीची एक माळ केली, दोन्ही टोकांच्या कड्यांतून फिरणारी. माळेला एक वळे आहे. नांगराची दोरी वळ्यातून घालायची आणि माळ ओढली की वळे सरकत नाळेपर्यंत जाते. विहिरीच्या रहाटासारखे. गाठ अशी मारली आहे की एका झटक्यात सुटते. दोरीच्या शेवटी रिकामी बाटली बांधली आहे. घाईने सोडून द्यावी लागली तर बाटली तरंगते आणि नांगर पुन्हा सापडतो.

प्रत्येक वस्तू दोरीने बांधायची हे आम्ही एक पक्कड घालवून शिकलो. ती अजून खाडीतच आहे.

मग आम्ही कयाक पाण्यात नेली. आधी काका लाइफ जॅकेट घालून एकटा फिरून आला. बूच काढले. मी तांब्या घेऊन उभी होते. एक थेंबही आला नाही. त्या दिवशी मला सगळ्यांनी चहा दिला, कपातून.

दुसऱ्या दिवशी भरतीला आजो बसले. लाइफ जॅकेट घालायला तयार नव्हते, पण आजीने सांगितले की नाहीतर मी इथेच बसते, तेव्हा घातले. काका जुन्या मित्राच्या होडीतून बाजूने गेला. मी आणि दादा काठावर. आजो हळूहळू पायडल मारत कांदळवनाच्या कडेने गेले. बराच वेळ काही झाले नाही. मग काठीचे टोक एकदम वाकले. नळी हलली नाही. कयाक थोडी कलली आणि परत सरळ झाली. आजोंनी दोन्ही हातांनी काठी काढून घेतली. तांबोशी होती, माझ्या हाताएवढी. चोणक असती तर आणखी मजा आली असती, असे आजो म्हणाले.

रात्री जेवताना आजोंनी सांगितले की पुढच्या दगडाजवळ अजून मोठ्या आहेत. खूप बोलत होते. आजी म्हणाली, आता जेवा.

काकाला आता कयाकवर मासे दाखवणारे यंत्र बसवायचे आहे. पाण्यात आवाज सोडला की तो खालून परत येतो आणि पडद्यावर चित्र दिसते. आजो म्हणतात, "मासो खंय आसा तां माका कळता." पण काल मी पाहिले, गुडघ्याच्या डावीकडे कोणीतरी खडूने नवीन खूण घातली आहे. ती मी घातलेली नाही आणि काका तर पणजीला गेला आहे.