सीमेच्या दोन बाजूंच्या बहिणी

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शेजारच्या विदर्भापासून वेगळे झाले. घरोघरची मराठी मात्र टिकून राहिली. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच वर्षी तेथील महिलांच्या खात्यात ‘लाडली बहना’ योजनेचे दरमहा १००० आणि पुढे १२५० रुपये जमा होऊ लागले. २०२४ मध्ये सीमेपलीकडच्या नरखेड, वरुड भागात ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये आले. सोयरिकी दोन्हीकडे असल्याने एकाच घरातील दोन बहिणी दोन सरकारांच्या ‘बहिणी’ ठरू शकतात. गोव्यात तर २०१२ पासून ‘गृह आधार’ आहेच.

ही सरकारे डाव्या विचारांची नव्हेत. तरीही गरिबांच्या हाती थेट पैसा देण्याच्या या मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग लॅटिन अमेरिकेतील डाव्या सरकारांनी केला. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. चिलीत मिशेल बाचेलेत यांच्या सरकारने २००८ मध्ये कायदा करून गरीब वृद्धांना निवृत्तिवेतन दिले. पुढे उजवे सरकार आले, तरी ते चालू राहिले. हा सामाजिक लोकशाहीचा मार्ग होय. व्हेनेझुएलात ह्यूगो चावेझ यांनी २००३ पासून तेलाच्या पैशावर ‘मिसिओनेस’ नावाच्या योजना राबवल्या. दवाखाने उघडले, साक्षरता वर्ग भरले; परंतु सारे काही नेता आणि तेल यांवर अवलंबून राहिले. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळताच तो डोलारा खचला. हा लोकानुनयाचा मार्ग.

फरक रकमेचा नसून हक्काचा आहे. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा केला. त्यामुळे मजूर काम मागू शकत होता आणि ते न मिळाल्यास भत्त्यावर दावा सांगू शकत होता. हा कायदा महाराष्ट्राचा असल्याने पांढुर्णा-सौंसरच्या मजुराला तसा हक्क मिळण्यासाठी संसदेच्या २००५ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

‘बहिणीं’च्या योजना मात्र शासनाच्या आदेशावर चालतात. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पडताळणीच्या काळात लाखो महिलांचे हप्ते थांबले. मध्य प्रदेशात योजनेच्या नावातच ‘मुख्यमंत्री’ आहे. कायदा बदलायचा तर सरकारला सभागृहासमोर जावे लागते. आदेश बदलण्यास एक सही पुरते.

दरमहा येणारे हे पैसे औषधपाण्याला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतात. त्यांना ‘रेवडी’ म्हणून हिणवणे अन्यायाचे होय. मात्र हप्ता थांबला, तर त्या स्त्रीने कोणत्या कायद्याच्या आधारे दाद मागायची? सौंसरपासून सत्तरीपर्यंत प्रत्येक योजनेला हाच प्रश्न विचारावयास हवा.