यंत्राला सोनं कळत नाही

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ १९८० साली केव्हिन हिलियर यांचा मेटल डिटेक्टर वाजला. उकरलं तर २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा! ‘हँड ऑफ फेथ’ म्हणतात त्याला. हातभरसुद्धा खोल नव्हता. १८५१ पासून सोन्यामागे लागलेल्यांनी हा मुलूख पालथा घातलेला; किती जण त्याच्यावरून चालत गेले असतील!

गंमत म्हणजे, त्या यंत्राला सोनं ओळखताच येत नाही. कॉइलमधून सतत बदलणारं चुंबकी क्षेत्र जमिनीत शिरतं. वाटेत धातू आला की त्यात विजेचे इवलेसे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं चुंबकी क्षेत्र उलट वर येतं, आणि हेडफोनमध्ये ‘कुंईं’! सोन्याचा बारीक खडा आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी, दोन्ही जवळपास एकाच सुरात बोलतात. नको तो धातू गाळायची सोय यंत्रात असते, पण ती चढवली की कडीबरोबर खडाही गेला. सोनं हवं असेल तर निमूटपणे कचरा उकरायचा.

मग यंत्र घ्यायचं कुठलं? आधी जमीन बघायची. जुनी नाणी, हरवलेल्या अंगठ्या यांना ५ ते २० किलोहर्ट्झचं साधं ‘व्हीएलएफ’ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) यंत्र पुष्कळ झालं. तांदळाच्या कणीएवढ्या सोन्यातले भोवरे मात्र क्षणात विरतात. त्यांना पकडायला ४५ ते ७० किलोहर्ट्झ लागतात. पण व्हिक्टोरियाची लोहयुक्त लाल माती स्वतःच इतकी बडबडते की व्हीएलएफला काही सुचत नाही. तिथे ‘पल्स इंडक्शन’. हे यंत्र विजेचा एक झटका सोडतं, थांबतं, आणि सेकंदाच्या एक लक्षांश भागानंतर कान देतं! मातीचा प्रतिसाद ठरावीक चालीने विझतो, म्हणून तो वजा करता येतो. उरतो धातूचा. किंमत मात्र कित्येक पट, आणि खिळा कुठला, सोनं कुठलं हे सांगण्यात ते कच्चं. पडक्या वाड्यात ते नेलं तर दिवसभर खिळेच वेचावे लागतील.

‘शंभर फूट खोलवरचं सोनं दाखवतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ उठून चालू लागावं. छोटी वस्तू दुप्पट खोल गेली की तिचा प्रतिसाद साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. नाण्याची मजल फूटभर, फार तर थोडी पुढे.

आणि आपल्याकडे गुप्तधन सापडलंच, तर दहा रुपयांहून जास्त किमतीचं असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग आहे. कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयेही तेव्हाचेच.